इनिट्रामएफएसशिवाय कर्नल: रूट माउंट होत नाही, फाइलसिस्टमचे कोणते पर्याय चुकले?

प्रश्न

लिनक्सचा ६.१२ कर्नल (सिस्टमचा गाभा) स्वतः कंपाइल केला आहे. डिस्क एनव्हीएमई (एसएसडीचा प्रकार), पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची यादी) जीपीटी, रूट म्हणजे सिस्टमचं मुख्य पार्टिशन एक्स्ट४ फाइलसिस्टमचं, इनिट्रामएफएस (रूटच्या आधी मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती सिस्टम) नाही. मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) एक्स्ट४ ला 'वाय' (कर्नलच्या आतच) दिलं आहे, एनव्हीएमई ड्रायव्हर 'एम' (नंतर लोड होणारं वेगळं मॉड्यूल) आहे. ग्रब या बूटलोडरमध्ये रूट=यूयूआयडी=... (फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) असं लिहिलंय. बूट करताना 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' म्हणून पॅनिक येतो (कर्नल तिथेच थांबतो). एक्स्ट४ तर आत आहे, मग अडतंय कुठे?

उत्तर १

एक्स्ट४ चा यात दोष नाही. कंसातले आकडे नीट वाचा. (०,०) म्हणजे कर्नलला रूटचं डिव्हाइसच सापडलेलं नाही. तिथे (२५९,२) असं काही दिसलं असतं, तर डिस्क सापडली पण फाइलसिस्टम ओळखता आली नाही, असा अर्थ झाला असता.

तुमच्याकडे दोन चुका आहेत. एनव्हीएमईचं मॉड्यूल रूट पार्टिशनवरच आहे आणि ते वाचायला आधी एनव्हीएमई हवा. म्हणून 'एनव्हीएम एक्सप्रेस ब्लॉक डिव्हाइसेस' ला 'वाय' द्या. दुसरी चूक यूयूआयडीची. तो फाइलसिस्टमच्या सुपरब्लॉकमध्ये (तिच्या स्वतःच्या माहितीच्या नोंदीत) असतो आणि तो शोधण्याचं काम इनिट्रामएफएसमधली साधनं करतात. एकट्या कर्नलला फक्त पार्टिशन टेबलमधला पार्टयूयूआयडी कळतो. 'एलएसबीएलके -ओ नेम,पार्टयूयूआयडी' चालवून तो घ्या, रूट=पार्टयूयूआयडी=... असं लिहा आणि सोबत 'रूटवेट' (रूटचं डिव्हाइस दिसेपर्यंत थांब) जोडा.

एवढं करूनही अडलं तर पॅनिकच्या वरची उपलब्ध पार्टिशनची यादी बघा. त्यात डिस्क आहे पण पी१, पी२ नाहीत, असं दिसलं तर 'पार्टिशन टाइप्स'मध्ये ईएफआय जीयूआयडी पार्टिशनचा सपोर्ट राहिला आहे.

उत्तर २

वरच्यात भर: 'डेव्हटीएमपीएफएस' आणि त्याखालचा 'ऑटोमाउंट' हे दोन्ही 'वाय' ठेवा. इनिट्रामएफएस नसताना रूट माउंट होताच /डेव्ह (डिव्हाइसच्या फाइलींची डिरेक्टरी) भरण्याचं काम यातून कर्नल स्वतः करतो. टीएमपीएफएसचे (मेमरीतली फाइलसिस्टम) पॉझिक्स एसीएलही (वापरकर्त्यानुसार फाइलींचे हक्क) सोडू नका. ते नसले तर /डेव्ह/एसएनडी वर लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला हक्क मिळत नाहीत, आवाज बंद होतो, आणि लोक साउंड ड्रायव्हर तपासत बसतात.

प्रश्नकर्ता

बूट झालं, आभार! आता /बूट/ईएफआय (बूटच्या फाइलींचं फॅट पार्टिशन) माउंट होत नाही, 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' येतं. व्हीफॅट (फॅट वाचणारा ड्रायव्हर) 'एम' आहे, मॉड्यूल्स_इन्स्टॉलही केलंय. शिवाय जुन्या कर्नलवर फॅट३२ पेन ड्राइव्ह हाताने माउंट केला की मराठी नावांच्या फाइली '????' दिसतात आणि उघडतही नाहीत.

उत्तर १

माउंटचा तो संदेश मोघम आहे. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) 'कोडपेज सीपी४३७ नॉट फाउंड' किंवा 'आयओ कॅरसेट आयएसओ८८५९-१ नॉट फाउंड' अशी ओळ असणार. 'फाइल सिस्टिम्स'च्या तळाशी 'नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट' आहे. त्यात कोडपेज ४३७ आणि आयएसओ ८८५९-१ हे दोन्ही अक्षरसंच घ्या. 'एम' चालेल, रूट माउंट झाल्यावरच त्यांची गरज पडते.

मराठी नावं सुरक्षित आहेत, घाबरू नका. व्हीफॅट लांब नावं डिस्कवर युनिकोडमध्येच ठेवतं. दाखवताना मात्र ती आयएसओ ८८५९-१ मध्ये बदलली जातात, त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. व्हीफॅटच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणून फाइल उघडत नाही. ड्राइव्ह काढा आणि 'माउंट -ओ यूटीएफ८' ने पुन्हा जोडा. कायमचं हवं असेल तर व्हीफॅटच्या खाली 'एनेबल फॅट यूटीएफ-८ ऑप्शन बाय डिफॉल्ट' आहे, ते निवडा.

उत्तर ३

'यूटीएफ८' पर्यायाऐवजी आयओकॅरसेट=यूटीएफ८ देऊ नका, जाळ्यावर तो सल्ला जागोजागी सापडतो. त्याने नावं दिसतात, पण लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात, फॅटवर ते बरोबर नाही. कर्नल स्वतः डीमेसेजमध्ये तसं बजावतो.

आणि लोकलमॉडकॉन्फिग (लोड असलेल्या मॉड्यूल्सवरून कर्नलचे पर्याय ठरवणारी आज्ञा) वापरणार असाल तर आधी पेन ड्राइव्ह, एक्सफॅट कार्ड, जे जे लागतं ते सगळं जोडून माउंट करून ठेवा. त्या क्षणी लोड नसलेली मॉड्यूल्स ते बिनदिक्कत गाळतं.