डिकीत एलपीजी टाकी: स्टेपनीच्या खड्ड्यात की सीटच्या पाठीला?

मंडळी, जरा अडलोय, मदत हवी आहे.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, १३ इंची चाकं, पासिंग एमएच-०९. आठवड्यातले पाच दिवस कोल्हापूर ते गगनबावडा, जाताना ५५ किमी, येताना ५५. पेट्रोल परवडेना म्हणून एलपीजी किट बसवायचं ठरवलंय. सीएनजी का नाही, हे कुणी विचारायच्या आत सांगतो: तो गॅस २०० बारपर्यंत दाबून भरतात, म्हणून सिलिंडर जाड आणि जड, माझी डिकी त्यातच संपते. एलपीजी थोड्याच दाबात द्रव होऊन बसतो, त्यामुळे टाकी हलकी असते आणि मेदूवड्यासारखी, मधे भोक असलेलीही मिळते.

घोडं टाकीपाशीच अडलंय. उद्यमनगरात तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली.

पहिला म्हणतो, लांब टाकी मागच्या सीटला टेकवून आडवी टाका. बसवायला सोपी, पण मग आईची घडीची व्हीलचेअर आत जात नाही.

दुसरा म्हणतो, वडा टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात. मला हे पटलं. घरी येऊन टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला आणि खड्ड्यात घालून बघितला. व्यास ५६ सेंमी भरला, खोली १७. त्याची टाकी २० सेंमी उंच. फळी तीन सेंमी वर येईल, ते चालवून घेऊ. पण स्टेपनी? "घरी ठेवा, पंक्चर किट घ्या." जुलैत गगनबावड्याच्या पावसात टायरची बाजू फाटली तर किट काय करणार?

तिसऱ्याकडे जुनी टाकी, निम्म्या किमतीत. वरून ताजा काळा रंग. पाटीवर बोट फिरवलं तर आकड्यांच्या जागी नुसतं खरखरीत लागलं, कानस मारलेली. गॅस बाहेर जायच्या नळीचं विचारलं तर म्हणाला, "काच दोन बोटं उघडी ठेवायची, सर." तिथून निघालो.

तर खड्डा की सीटची पाठ? आणि स्टेपनीचं काय करू?

प्रतिसाद १:
तिसऱ्याचा नाद सोडा. एलपीजी हवेच्या दीड ते दोनपट जड असतो. गळाला तर काचेतून वर जाणार नाही, खड्ड्यात तळाशी साठून राहणार. म्हणून वॉल्वांवर गॅस बाहेर न सोडणारं झाकण लागतं, आणि त्या झाकणातून निघालेली नळी गाडीच्या तळातून थेट बाहेर काढतात. वडा टाकीत हे सगळं मधल्या भोकात बसतं. बोल्ट नुसत्या पत्र्याला आवळलेले चालवून घेऊ नका, पत्र्याखाली जाड लोखंडी पट्टी हवी. टाकी बसवण्याआधी गाडी वर घेऊन खालून बघा: खड्ड्याचा पत्रा गंजलाय का, सायलेन्सरचा पाइप किती जवळून जातो. तुमच्याकडच्या पावसात गंज असणारच.
आणखी एक, टाकी ३५ लिटरची म्हटली तरी गॅस २८ लिटरच भरतो. ८० टक्क्यांवर वॉल्व आपोआप बंद होतो, उरलेली जागा उन्हात द्रव फुगायला. पंपावाल्याशी भांडू नका, आम्ही भांडून झालोय.

प्रतिसाद २:
कागदांचं कुणी बोललंच नाही. किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर हवं, बसवणारा आरटीओमान्य हवा, आणि आरसीवर इंधन पेट्रोल/एलपीजी असं चढवून घ्यायचं. विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघातानंतर तिथूनच वाकडं सुरू होतं. पाटी खरवडलेली टाकी यातल्या कशातच बसत नाही. घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरून देणारेही भेटतील, तो गुन्हा आहे.

प्रतिसाद ३:
स्टेपनी घरी ठेवून गगनबावड्याला जातोस व्हय भावा? उभी कर की डिकीत! डाव्या अंगाला, पट्ट्यानं आवळून. मोकळी ठेवलीस तर ब्रेक मारल्यावर सीटच्या पाठीत बसंल. जॅक आणि पाना सीटखाली. खुर्चीचे पाय ठेवायचे दांडे निघत्यात, ते काढून घालून बघ.

धागाकर्ता:
बघितलं. स्टेपनी डावीकडे उभी, दांडे काढून खुर्ची शेजारी, फळीखाली तीन सेंमीचे लाकडी ठोकळे. डिकीचं दार दुसऱ्या दणक्यात लागलं. आई म्हणाली, "माझ्या खुर्चीपेक्षा त्या चाकाचीच काळजी जास्त."
शनिवारी दुसऱ्याकडे जातोय. गाडी वर घेऊन तळ बघणार, टाकीच्या पाटीवरचा नंबर आणि तपासणीची तारीख वहीत उतरवून घेणार, मगच इसार. प्रतिसाद १ वाले दादा, ती लोखंडी पट्टी किती जाडीची मागू?