असेंबल्ड गेमिंग संगणकासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड: जुनी डीडीआर४ रॅम ठेवावी की एएम५ कडे जावे?

चंद्रपूरकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या सध्याच्या संगणकात इंटेलचा कोअर आय३-१०१००एफ प्रोसेसर, एच४१० मदरबोर्ड, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि डीडीआर४ प्रकारची, ३२०० वेगाची १६ जीबी रॅम, म्हणजे ८ जीबीच्या दोन स्टिक, एवढी सामग्री आहे. मॉनिटर १०८० पी, १६५ हर्ट्झचा असून पुढील वर्षी १४४० पी चा घेण्याचा विचार आहे. व्हॅलोरंट मी मित्रांसोबत नियमित खेळतो. परंतु सुट्टीच्या दिवशी सायबरपंक २०७७ सारखे कथाप्रधान खेळ संथपणे, दृश्ये न्याहाळत खेळणे मला अधिक आवडते.

मॉनिटर, कॅबिनेट आणि एसएसडी जुनीच ठेवून उरलेल्या भागांसाठी मी ७५,००० रुपये साठवले आहेत. एका दुकानदाराने एएमडी कंपनीच्या एएम५ सॉकेटवर बसणारा रायझन ५ ८६००जी प्रोसेसर आणि बी८४० मदरबोर्ड सुचवला असून हे दोन्ही रायझन ५ ७६०० आणि बी६५० यांच्यापेक्षा नवे, म्हणून अधिक चांगले, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या कोटेशनमध्ये ३२ जीबी डीडीआर५ रॅमची किंमत प्रोसेसरपेक्षाही जास्त आहे, आणि तिथेच माझे पाऊल अडखळले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि माझ्या खोलीत एसी नाही, हेही कृपया लक्षात घ्यावे. मी कोणता प्रोसेसर आणि कोणता मदरबोर्ड घ्यावा?

नागपूरवासी

सर्वप्रथम आकड्यांविषयी, कारण या आकड्यांमुळे अनेकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. ८६००जी हा क्रमांक ७६०० पेक्षा मोठा असला, तरी तो मुळात ग्राफिक्स कार्डाशिवाय संगणक चालवणाऱ्यांसाठी बनवलेला प्रोसेसर आहे. त्याच्या आतील ग्राफिक्स चांगले आहेत. मात्र त्याची एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतील जलद मेमरी, १६ एमबी आहे, तर ७६०० ची ३२ एमबी. शिवाय ग्राफिक्स कार्डासाठी ८६००जी पीसीआयई ४.० या जोडणीच्या केवळ ८ लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, देतो आणि ७६०० पूर्ण १६ देतो. खेळांना मोठी कॅशे मानवते, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्याने ८६००जी घेण्यात काहीच हशील नाही.

मदरबोर्डाचीही तीच गत आहे. बी८४० हे नाव बी६५० नंतर आले, परंतु तो खालच्या पायरीवरचा चिपसेट, म्हणजे बोर्डाची नियंत्रक चिप, आहे. त्यावर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवणे, होत नाही, बी६५० वर होते. बी६५० च्या पुढचा खरा नवा चिपसेट म्हणजे बी८५०.

उन्हाळ्याचा मुद्दा आपण मांडलात हे फार चांगले केले. ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर असून त्याची वीज ८८ वॅटच्या आसपास थांबते. त्याचाच भाऊ ७६००एक्स १४२ वॅटपर्यंत जातो, आणि खेळांत दोघांमधला फरक इतका थोडा आहे की आपल्या विदर्भात त्यासाठी अधिकची उष्णता खोलीत सोडणे मला पटत नाही. ७६०० सोबत खोक्यात कूलर येतो, परंतु ४५ अंशांच्या हवेत तो मोठ्या आवाजाने फिरत राहील. चार हीटपाइपांचा साधा टॉवर कूलर घ्यावा.

माझा सल्ला: रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड आणि डीडीआर५ च्या ६००० वेगाच्या दोन स्टिक. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आले आणि २०२७ व त्यानंतरही त्याला साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. याचा अर्थ चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागेल.

सोलापूरकर

नागपूरवासींनी आकड्यांविषयी जे लिहिले ते अक्षरशः खरे आहे, परंतु शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, ते पाहता ज्याच्या हाती ३२०० वेगाची चांगली डीडीआर४ रॅम आधीच आहे, त्याने ती बाजूला ठेवून डीडीआर५ विकत घेणे म्हणजे ग्राफिक्स कार्डाचे पैसे रॅमला देणे होय. एएम५ वर डीडीआर४ मुळीच चालत नाही. तिथे जायचे तर रॅम नवीच घ्यावी लागते.

निर्णय घेण्यापूर्वी आपण घरच्या घरी एक चाचणी करावी. सायबरपंकमध्ये एखाद्या गर्दीच्या रस्त्यावर उभे राहून दर सेकंदाच्या फ्रेमची (चित्रांची) संख्या लिहून घ्यावी आणि मग बाकी कोणतीही सेटिंग न बदलता रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. फ्रेम भरपूर वाढल्या, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे. त्या जवळपास जागच्या जागी राहिल्या, तर अडथळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे. व्हॅलोरंटमध्येही हेच करून पाहावे. या उत्तराशिवाय कोणता भाग बदलायचा हे आम्ही सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

डीडीआर४ ठेवायची असल्यास दोन वाटा आहेत. एक, एएम५ च्या आधीच्या एएम४ सॉकेटचा रायझन ५ ५६०० आणि बी५५० मदरबोर्ड. दुसरी, इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ आणि बी७६० चा डीडीआर४ आवृत्तीचा मदरबोर्ड. बी७६० दोन्ही प्रकारच्या रॅमसाठी निघतो, म्हणून खोक्यावर डीडीआर४ असे स्पष्ट लिहिलेले पाहूनच घ्यावा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता निर्माण होत होती. त्यावर २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतील आज्ञावलीचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२४००एफ हा १२ व्या पिढीचा असल्याने त्याला ही बाधा नाही, परंतु पुढे त्याच बोर्डावर वरच्या पिढीचा प्रोसेसर बसवायचा झाल्यास आधी बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे आवश्यक आहे.

चंद्रपूरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री चाचणी केली. सायबरपंकमध्ये ७२० वर आणताच फ्रेम दीडपटीहून अधिक वाढल्या. व्हॅलोरंटमध्ये मात्र आकडा जवळजवळ हललाच नाही. रिझोल्यूशन कमी केले तरी गोळीबार सुरू होताच तो पूर्वीसारखाच खाली येत होता. म्हणजे एका खेळात ग्राफिक्स कार्ड अडवते आणि दुसऱ्यात प्रोसेसर, असे मी समजतो. मग ५६०० वर व्हॅलोरंट १६५ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरेल का? आणि बी५५० ऐवजी स्वस्त बी४५० किंवा ए५२० घेतला तर काय बिघडेल?

डोंबिवलीकर

पुरेल, आणि सहज पुरेल. व्हॅलोरंटमध्ये ५६०० सारखा सहा कोरचा प्रोसेसर १६५ फ्रेमच्या बराच वर राहतो. १४४० पी चा मॉनिटर आल्यावर कथाप्रधान खेळांत भार आणखी ग्राफिक्स कार्डावरच जाईल, म्हणून वाचलेले पैसे तिकडे वळवावेत आणि शक्यतो १६ जीबी मेमरीचे कार्ड पाहावे.

बी४५० आणि ए५२० विषयी आपण विचारलेत ते अगदी नेमके आहे, कारण नेमकी इथेच काटकसर अंगाशी येते. या दोन्हींवर ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई ३.० मिळते, बी५५० वर ४.०. आजची मध्यम किमतीची बरीच कार्डे, उदाहरणार्थ आरटीएक्स ४०६० आणि ५०६०, १६ ऐवजी ८ लेनच वापरतात. अशा कार्डाला ३.० च्या स्लॉटमध्ये बसवले की ४.० च्या तुलनेत त्याची वाट निम्मी होते. एरवी हे फारसे जाणवत नाही. परंतु कार्डाची ८ जीबी मेमरी भरली आणि खेळ संगणकाच्या रॅममधून सामग्री ओढू लागला, की चित्र अडखळू लागते.

बी५५० मध्येही सगळे बोर्ड सारखे नसतात. मी गेली अनेक वर्षे मित्रमंडळींचे संगणक जोडून देत आहे आणि बोर्ड निवडताना सर्वांत आधी प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचा वीजपुरवठ्याचा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, तो पाहतो. त्यावर धातूचे हीटसिंक बसवलेले असावे. ५६०० ला फार वीज लागत नाही, तरी चंद्रपूरच्या खोलीत उघडे व्हीआरएम मी ठेवणार नाही. दुसरे म्हणजे रॅमचे चार स्लॉट असलेलाच बोर्ड घ्यावा, म्हणजे आज जुन्या दोन स्टिक चालतील आणि भाव उतरल्यावर आणखी दोन घालून ३२ जीबी करता येईल. डीडीआर५ मध्ये चार स्टिक लावल्यास वेग बराच खाली आणावा लागतो. डीडीआर४ त्या मानाने सोशिक आहे. पंख्यांच्या जोडण्या मोजून घ्याव्यात. वायफाय आणि रंगीत दिव्यांवर मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये. इथरनेटची केबल ओढणे शक्य असेल तर तीच उत्तम.

जोडणी करताना दोन्ही स्टिक सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करावे. आपल्या एच४१० वर आय३ सोबत ही रॅम २६६६ वरच चालत होती. ३२०० चा वेग आपल्याला आता प्रथमच मिळेल. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची वैशिष्ट्ये लागतात, तेव्हा ते दोन्ही बायोसमध्ये सुरू आहेत याची खात्री करावी. जुन्या एसएसडीवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) लावले असल्यास बोर्ड बदलण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण नव्या बोर्डावर विंडोज ती मागणारच.

नागपूरवासी

ज्याला रॅम नवीच घ्यायची आहे, त्याला मी आजही एएम५ कडेच पाठवीन. पण आपल्या चाचणीचा निकाल आणि हातातली रॅम पाहता सोलापूरकरांचे म्हणणे आपल्या बाबतीत योग्य ठरते, हे मान्य करतो.

एक सूचना राहिली. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरवरच असतात. पुढे कधी कूलर काढावा लागला, तर संगणक दहा मिनिटे चालवून थर्मल पेस्ट ऊबदार होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, प्लग काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हळुवार फिरवत सोडवावा. थंड असताना सरळ वर ओढला, तर लॉक लावलेले असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

चंद्रपूरकर

रायझन ५ ५६००, हीटसिंक असलेला चार स्लॉटचा बी५५० आणि टॉवर कूलर, असे नवे कोटेशन आज मागवले आहे. ग्राफिक्स कार्ड ठरले की त्याची वॅटची गरज आणि माझ्या जुन्या ४५० वॅटच्या एसएमपीएसचा (वीजपुरवठा करणाऱ्या भागाचा) तपशील इथेच लिहीन. तो बदलावा लागेल असे दिसते.