मदत हवी आहे - होमस्कूल झालेली मुलगी ऑगस्टमध्ये ख्रिश्चन कॉलेजला चाललीय

जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही मूळचे अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर), गेली १२ वर्षं इलिनॉयमध्ये. लेकीला तिसरीपासून घरीच शिकवलं, आता तिला इथल्याच एका ख्रिश्चन कॉलेजात ॲडमिशन मिळालीय, हॉस्टेलवर राहणार. इलिनॉयमध्ये होमस्कूल म्हणजे कायद्याने प्रायव्हेट स्कूलच, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि मार्कांची नोंद) मीच बनवलं, फाफसाच्या म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीच्या फॉर्मवरही होमस्कूलचा पर्याय असतो, तो भाग निभावला.

खरी काळजी पुढची आहे. कम्युनिटी कॉलेजात तिने इंग्लिश आणि केमिस्ट्रीचे दोन कोर्स केले तेव्हा अभ्यास जमला पण घड्याळ लावून पेपर लिहायची सवयच नाही, सगळं येत असून शेवटचे दोन प्रश्न लिहायचे राहून जायचे आणि प्रोफेसरला जाऊन विचारायचं तर पाय जड व्हायचे. घरी अडलं की आई म्हणून हाक मारायची, आता तिथे कोणाला हाक मारणार?

दुसरं म्हणजे चॅपल, कॉलेजातली प्रार्थनासभा. आमच्याकडे रोज संध्याकाळी मराठीत प्रार्थना, रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं, आणि तिथे चॅपल इंग्लिशमधून, शिवाय हजेरी धरतात. तिचा विश्वास तिचा स्वतःचा राहावा, हजेरीपुरता होऊ नये असं फार वाटतं. बायबलचा कोर्सही कंपल्सरी आहे, त्याला मार्क असतात हे तिला अजून विचित्रच वाटतंय.

तुमच्यापैकी कोणाची मुलं घरी शिकून अशा कॉलेजात गेलीत का? पहिल्या सेमिस्टरला किती क्रेडिट (कोर्सचा भार मोजायचं एकक) घ्यावेत, १२ की १५? रूममेट कशी निवडली? आणि फोन रोज करावा की तिला थोडं मोकळं सोडावं, प्लीज सांगा.