मदत हवी आहे: मूत्राशयाच्या स्लाइडमध्ये अस्तराचा वरचा थर टिकत नाही

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासाठी बोकडाच्या मूत्राशयाचं ट्रान्झिशनल एपिथेलियम (आतलं ताणलं जाणारं अस्तर) दोन्ही अवस्थांत दाखवायचं आहे. रिकाम्या मूत्राशयात पाच-सहा थर आणि वर फुगीर छत्रपेशी (सर्वांत वरच्या थरातल्या मोठ्या पेशी). ताणलेल्यात जेमतेम दोन-तीन थर, त्याच पेशी चपट्या.

एक मूत्राशय तसंच ठेवतो, दुसऱ्यात सिरिंजने फॉर्मॅलिन (ऊती टिकवून धरणारं, म्हणजे फिक्स करणारं द्रावण) भरून मान दोऱ्याने बांधतो. दोन्ही १०% फॉर्मॅलिनमध्ये २४ तास, द्रव ऊतीच्या किमान दहापट. छेद ५ मायक्रॉनचे, स्टेन एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन).

ताणलेला नमुना छान येतो. रिकाम्यात मात्र छत्रपेशी निघून गेलेल्या असतात, आणि विद्यार्थी हमखास 'स्तरित पट्टकी' (चपट्या पेशींचं अनेकथरी अस्तर) लिहून मोकळे होतात. त्यांना काय बोलणार? खरी खूण त्या वरच्या थरातच आहे: स्तरित पट्टकी अस्तर असलेल्या माणसाच्या अन्ननलिकेत वरची केंद्रकं चपटी, इथे गोलसर, कधी एका पेशीत दोन.

मटणाच्या दुकानातून आणेपर्यंत ऑटोलिसिस (पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळणं) होतं, की न चिरलेल्या बंद मूत्राशयात फॉर्मॅलिन आतून वेळेत पोहोचत नाही? उभं चिरून बुचावर पिनांनी लावलं तर भिंत ताणली जाते. न ताणता आतली बाजू लगेच फिक्स कशी करावी? आधी सलाइनने धुवावं, की त्यानेच पेशी सुटतात?