शब्दचर्चा : घोटाळ्याच्या नावातलं 'गेट'

'इराणगेट', 'पार्टीगेट' या घोटाळ्यांच्या नावांतल्या 'गेट'चा दरवाजाशी काही संबंध आहे का, असा प्रश्न आला आहे. तसा काही नाही. वॉटरगेट हे वॉशिंग्टनमधल्या, पोटोमॅक नदीकाठच्या एका इमारत-संकुलाचं नाव. डेमोक्रॅटिक पक्षाचं मुख्य कार्यालय तिथे होतं. १७ जून १९७२च्या पहाटे त्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले, धागेदोरे निक्सन यांच्या निवडणूक समितीपर्यंत पोचले आणि ऑगस्ट १९७४मध्ये निक्सन यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. आधी जागेचं नाव प्रकरणाला पडलं, मग पत्रकारांनी त्याचं शेपूट तोडून प्रत्यय केला.

प्रकरणाला जागेचं नाव पडणं नवं नव्हतं. १९२०च्या दशकात वायोमिंगमधल्या नौदलाच्या राखीव तेलक्षेत्रावरून 'टीपॉट डोम' गाजलं होतं, पण त्यातला 'डोम' पुढे कुणी वापरला नाही. 'गेट' आखूड, कुठल्याही नावाला चिकटणारं.

ते रुजवण्यात विल्यम सफायर यांचा मोठा वाटा. हे आधी निक्सन यांचे भाषणलेखक, नंतर न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीत त्यांनी 'लान्सगेट' (कार्टर यांचे अर्थसंकल्प-प्रमुख बर्ट लान्स यांच्या बँक व्यवहारांचं प्रकरण) यासारखे शब्द हिरिरीने चालवले. प्रत्येक भानगडीला हेच शेपूट लावल्याने निक्सन यांचा अपराध इतरांच्या पंगतीत जाऊन बसतो, हा त्यावरचा आक्षेप मला पूर्ण पटतो.

वॉटरगेटच्या बातम्यांत 'स्लश फंड' हा जुना शब्दही सतत दिसे. त्याची व्युत्पत्ती मला फार आवडते. गलबतावर खारवलेलं मांस उकळताना वर येणारी चरबी म्हणजे स्लश. ती साठवून बंदरात विकली जाई आणि त्या वरकमाईतून खलाशांसाठी किडूकमिडूक येई. हिशेबाबाहेरचा पैसा हा अर्थ तिथला. अमेरिकी राजकारणात त्याला लाचेचा वास लागला.

आपल्याकडे २०१२मध्ये कोळसा खाणवाटपावरच्या कॅगच्या अहवालानंतर इंग्रजी माध्यमांनी 'कोलगेट' केलं, टूथपेस्टच्या नावाशी जुळवून. मराठीत त्याची गरज नाही. पैसा हडपला तर अफरातफर, व्यवहारच सडका असेल तर घोटाळा, निकाल लागायचा असेल तर प्रकरण, असे आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. 'कोळसा खाणवाटप घोटाळा' लांबलचक वाटेल, पण कशात आणि काय झालं हे त्यातून वाचकाला कळतं.