मदत हवी आहे : लेट्रोझोलची पाच वर्षे संपत आली, गोळी पुढे चालू ठेवावी का?

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. आईला पाळी गेल्यानंतर, वयाच्या ५७ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. गाठ २.४ सेंटिमीटर, ग्रेड २, काखेतील एक लसिकाग्रंथी बाधित, ईआर व पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-संप्रेरकांवर वाढणारा), हर-टू या प्रथिनासाठी निगेटिव्ह. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशननंतर लेट्रोझोल (शरीरातील इस्ट्रोजेन कमी करणारी रोजची गोळी) सुरू झाले, ते आता पाच वर्षे पूर्ण होण्याच्या बेतात आहे.

या प्रकारचा कर्करोग बऱ्याच वर्षांनीही उलटू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासानुसार, दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ आणि एक ते तीन बाधित ग्रंथी असलेल्या स्त्रियांमध्ये पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान दूरच्या अवयवांत रोग परतण्याचे प्रमाण २६ टक्के होते. अर्थात त्यांतील बऱ्याच जणींचे उपचार जुन्या काळातले, त्यामुळे तो आकडा आईला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. वय, गाठीचा आकार, ग्रेड आणि बाधित ग्रंथी एवढ्यावरून पाचव्या ते दहाव्या वर्षांतील जोखीम काढणाऱ्या सीटीएस-५ या गणकात आई मध्यम गटात, म्हणजे पाच ते दहा टक्क्यांत येते.

माझी खरी अडचण यापुढे आहे. जोखीम किती हे कळले, तरी गोळी पुढे घेतल्याने त्यातली किती कमी होईल हे या गणकातून कळत नाही. दुसऱ्या बाजूला, या गोळीने हाडे विरळ होऊ शकतात आणि सांधे आखडू शकतात; आईची हाडे डेक्सा या हाडांच्या घनतेच्या तपासणीत ठिसूळ निघाली आहेत आणि सकाळी बोटे इतकी आखडतात की आमसुलांसाठी रातांबे फोडायला बसली तर सुरी धड धरवत नाही. पाच वर्षांच्या उपचारानंतर आणखी दोन वर्षे आणि आणखी पाच वर्षे याच वर्गातील अॅनास्ट्रोझोलची गोळी देऊन तुलना करणाऱ्या ऑस्ट्रियातील चाचणीत रोग परतण्यात फरक दिसला नाही, मात्र आणखी पाच वर्षे गोळी घेतलेल्या गटात अस्थिभंग जास्त झाले. त्यामुळे सात वर्षांवर थांबणे मला मधला मार्ग वाटतो, पण एक ग्रंथी बाधित असताना तो पुरेसा ठरेल का?

ज्यांच्या घरी असा निर्णय घ्यावा लागला, त्यांनी कृपया सांगावे : डॉक्टरांनी हाडांची स्थिती आणि जोखीम यांचा मेळ कसा घातला? पुढील गोळीचा लाभ वर्तवणारी ब्रेस्ट कॅन्सर इंडेक्ससारखी जनुकीय चाचणी पाच वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवर (शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या मेणात जतन केलेल्या तुकड्यावर) कोणी करून घेतली का, आणि तिच्या निकालाने निर्णय खरोखर बदलला का? शेवटचा शब्द डॉक्टरांचाच राहील, परंतु मुंबईला पुढच्या तपासणीस जाण्यापूर्वी नेमके काय विचारायचे ते ठरवून घ्यायचे आहे.