शनिवारचा सिनेमा : सोसायटी ग्रुप

सावंत काका (सेक्रेटरी): शनिवारी गच्चीवर पडदा लावतोय. ईशानने 'व्हॅम्पायर हंटर डी' सुचवलाय. जपानी कार्टून आहे, पोरंटोरं खूश होतील. फायनल करू?

अनघा बी-३०४: काका थांबा!! लहानांचं नाही हो ते. १९८५ चा भयपट आहे. रक्त, कापाकापी, मधेच उघडे देहही.

सावंत काका: बापरे. ईशान??

ईशान: काका मी मोठ्यांसाठी म्हटलेलं 🙏

कुलकर्णी काकू: गोष्ट काय आहे पण? आम्हाला झेपेल का

ईशान: काकू, साल १२०९०. व्हॅम्पायरांची सद्दी संपत आलीय, पण काउंट ली अजून गढीत ठाण मांडून बसलाय. तो डोरिस नावाच्या मुलीला चावतो, वर तिच्याशी लग्न करायला निघतो. ती मग व्हॅम्पायरांची शिकार करणाऱ्या डीला कामावर ठेवते. डीचा बाप व्हॅम्पायर, आई माणूस. आणि त्याच्या डाव्या तळहाताला तोंड आहे, ते त्याला टोमणे मारत असतं 😄

कुलकर्णी काकू: आमच्या ह्यांचं एकच तोंड आवरत नाही

नीलेश सी-४०२: डीचा रुबाब आहे, पण तो बोलतो किती? खरं पात्र लामिका, काउंटची मुलगी. खानदानाचा केवढा माज! माणसं तिच्या खिजगणतीतही नाहीत. आणि मग कळतं की तिची स्वतःची आईच माणूस होती. डी तिला सांगतो, माणूस म्हणून जग. तरी ती बापाबरोबर गढीत गाडून घेते.

अनघा बी-३०४: शेवट सांगून टाकलास की रे 😡

अनघा बी-३०४: असो. लामिकाबद्दल पटलं. पण संगीत? गढी, धुकं, घोडेस्वार, आणि मागे सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, वाजतोय.

नीलेश सी-४०२: अगं घोडाही यंत्राचाच आहे! १२०९० साली ऑर्गन कशाला? संगीत तेत्सुया कोमुरोचं आहे, पुढे नव्वदच्या दशकात जपानी पॉप ज्याने गाजवलं तो. त्या सिंथमुळे गढी जुनी आणि परकी, दोन्ही वाटते. शेवटचं गाणं मात्र मलाही खटकतं. त्याच्याच टीएम नेटवर्क बँडचं आहे, चाल गोड आहे, पण एवढं सगळं कोसळल्यावर एकदम पॉप?

ईशान: मला तेच आवडतं. हायसं वाटतं.

अनघा बी-३०४: डीवरचाच २००० सालचा दुसरा सिनेमा 'ब्लडलस्ट' बघा. मार्को डॅम्ब्रोसिओचा भरगच्च वाद्यवृंद आहे. चित्रंही तिथेच डीच्या कादंबऱ्यांसाठी योशिताका अमानोने काढलेल्या मूळ रेखाटनांच्या जवळ जातात. १९८५ च्या डीचा चेहरा काही ठिकाणी अगदीच सपाट आहे.

नीलेश सी-४०२: देखणा आहे तो, मान्य. पण त्यात लामिका नाही.

सावंत काका: ठरलं. गच्चीवर ७ वाजता मुलांसाठी दुसरं काहीतरी. डी क्लबहाउसमध्ये ९ ला, १८ वर्षांवरचेच. १० नंतर स्पीकर बंद.

ईशान: काका ८० मिनिटांचा आहे. शेवटची मारामारी म्यूटवर बघायची का?

सावंत काका: मग साडेआठ. खुर्च्या आपापल्या आणा.